वेग अठ्ठ्याऐंशी

साडेदहाला शेवटचा डबा सायकलवर चढला
की मी ओटा पुसतो आणि कागद मांडतो.
तीन कागद. पंख्यानं उडू नयेत म्हणून
एकावर मिठाची बरणी, एकावर तिखटाची,
तिसऱ्यावर शिवलीलाचा जुना बेसबॉल,
शिवण उसवलेला, एका बाजूनं चपटा.

पहिलं शिबिर पुण्याचं. चकचकीत कागद.
तीनशे मुली, साठ कॉलेजांचे प्रशिक्षक.
कोणते साठ, ते छापलेलं नाही.
फी नऊ हजार, जेवण वेगळं.

दुसरं दिल्लीला, डिसेंबरात,
नेमकं तिच्या सराव परीक्षेच्या रविवारी.

तिसरं भोपाळला. मुली चाळीसच, कॉलेजं चार.
अर्जावर आधी दहावीचे गुण, मग अकरावीचे,
बॉलचा वेग विचारलाय तो पान उलटल्यावर.

मी लातूरच्या ट्यूशन एरियात खानावळ चालवतो.
दोनशे दहा डबे. हुशार पोरं मला तोंडानं नाही,
डब्यानं माहीत आहेत.
परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी
कुठल्या खोलीतून किती पोळ्या परत येतात,
निकाल मला तिथंच कळतो.

म्हणून मला पुणं बरं वाटत होतं.
साठ जण बघतील, एखाद्याला तरी आवडेल.
भुरे सर म्हणाले, हाळीच्या बाजारात
हजार बैल उभे असतात, काका,
घेणारा मात्र ठरवूनच आलेला असतो
कुठल्या दावणीला जायचं ते.
शिवलीला म्हणाली, सर, मी बैल नाही.
सर म्हणाले, तेच सांगायलोय.

सरांनी कुठून तरी वेग मोजायची गन मागून आणली होती.
अठ्ठ्याऐंशी. परत टाक. सत्त्याऐंशी.
परत. अठ्ठ्याऐंशी.
पुण्यात शंभरच्या पुढं आकडा दिसल्याशिवाय
कुणी वहीचं टोपण काढत नाही म्हणे.
तिचा बॉल तसा नाहीच.
येतो येतो, आणि शेवटच्या हातभर अंतरात
मन बदलतो.
हे कुठल्या गनवर दिसणार?

मी हिशेब करत बसलो, रेल्वेचं भाडं, फी, लॉज.
तिनं तोवर मला न विचारता
प्रत्येकाला चार ओळी लिहिल्या होत्या.
तुम्ही स्वतः येणार आहात का?
पुढच्या वर्षी तुमच्याकडं पिचरची जागा आहे का?
माझे गुण सोबत जोडले आहेत.

हे विचारता येतं, हेच मला माहीत नव्हतं.

पुण्याहून उत्तर आलं, आजच नोंदणी करा.
दिल्लीहून काहीच नाही.
भोपाळच्या चौघांपैकी दोघं बोलले.
एक बाई म्हणाल्या, आमच्याकडं दोन पिचर आहेत,
माझ्यासाठी एवढ्या लांब येऊ नकोस.
(या बाईंना कधी तरी जेवायला बोलवायचंय.)
दुसरे म्हणाले, भौतिकशास्त्र एकोणसत्तर का?
आणि सलग वीस बॉलचा व्हिडिओ पाठव. कापायचा नाही.

डाळ मिलच्या मागं, संध्याकाळी.
मोबाईल माझ्या हातात, पलीकडं भांडी घासणारा मैनोद्दीन
ग्लोव्ह घालून उकिडवा.
दहा बॉल असे गेले की मी श्वास घ्यायचा विसरलो.
अकरावा सुटला, उभ्या टेम्पोच्या पत्र्यावर बसला,
आतून ड्रायव्हर शिव्या देत उतरला, शिव्यांसकट सगळं आलं.
मी म्हटलं, थांब, पहिल्यापासून घेऊ.
ती म्हणाली, कापायचा नाही म्हटलेत, पप्पा. चालू ठेवा.
आणि बारावा टाकला.

भौतिकशास्त्राचंही तिनं खरं तेच लिहिलं:
त्या महिन्यात मी खेळत होते.

चकचकीत कागद मी भज्यांखाली घातला,
तेल काही शोषलं नाही त्यानं.
भोपाळचे पैसे भरले. पुढं काय होईल,
ते डब्यावरून सांगता येत नाही.

रात्री तिनं तीन पोळ्या खाल्ल्या,
आणि चौथी मागितली.